गुन्हा नसलेला समाज असतो का?

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधून एका मुलाची सायकल चोरीला गेली. चार चार वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं त्या रात्री पार्किंगमध्ये तासभर उभी होती, कुणी सीसीटीव्ही बघतंय, कुणी चहा आणतंय, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "असलं आपल्याकडे चालणार नाही."

गुन्हा म्हणजे समाजाला लागलेली कीड, काढली की संपलं, असं आपण धरून चालतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम १८९५ मध्ये म्हणाला की गुन्हा नाही असा समाजच नसतो. अगदी संतांचा मठ घ्या, तिथे चोरी-खून नसतील पण आपल्याला किरकोळ वाटणारी चूक तिथे भयंकर ठरेल. कारण चूक-बरोबरची रेषा कुणीतरी ओलांडतं तेव्हाच ती कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं, म्हणून शिक्षेचा खरा परिणाम गुन्हेगारापेक्षा बघणाऱ्या सरळमार्गी लोकांवर होतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सनचं काम (१९६६). त्याने १७व्या शतकातल्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडक धर्माचरणाच्या ख्रिस्ती पंथाच्या) लोकांची कोर्टाची जुनी कागदपत्रं चाळली. त्याचं म्हणणं, आपण नेमके कोण याबद्दल समाज गोंधळला की नव्या प्रकारचे गुन्हेगार 'सापडायला' लागतात. तिथले क्वेकर, म्हणजे दुसऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक बघा, न्यायाधीशासमोर टोपी काढायची नाही आणि त्याला मानाने 'तुम्ही' न म्हणता साधं 'तू' म्हणायचं, एवढ्यानेही लोक खवळायचे. त्यांना हद्दपार केलं, काही परत आले, आणि १६५९ ते १६६१ मध्ये बोस्टनला चौघांना फाशी दिली. मग १६९२ ला तिथल्याच सेलम गावात चेटूक केलं म्हणून १९ जण फासावर गेले. चेटूक नावाची गोष्टच नसते, फास मात्र खरा होता, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं हे विसरू नका.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन (१९३८) वेगळ्या बाजूने येतो, पैसा कमवा हे ध्येय सगळ्यांना शिकवायचं पण सरळ वाटा थोड्यांनाच मोकळ्या, मग उरलेल्यांतले काही आडवाट धरणारच, याला तो 'अनॉमी'शी जोडतो म्हणजे ध्येय आणि मार्ग यांचा सांधा निखळणं.

या सगळ्या मांडणीत एक प्रश्न मला सतत टोचतो, समाज एकत्र येतो खरा, पण कुणाच्या जिवावर? आमच्या पार्किंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यांचा संशय वॉचमनवर गेला होता. सीसीटीव्हीत काहीच दिसलं नव्हतं. तो दोन आठवड्यांपूर्वीच कामाला लागला होता, एवढंच.