स्वातीचा पाऊस आणि पॅसिफिकचे पाणी

मराठवाड्यातली रब्बी ज्वारी ओलीवर येते. हस्त-चित्रात काळ्या रानात जेवढे पाणी मुरले, त्यावरच मालदांडी ज्वारी माघापर्यंत तग धरते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ असे जुनी माणसे म्हणत, ते याच हिशेबाने. पण तोच पाऊस मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येनंतर आला की हरभऱ्याच्या पानांवरची आंब धुऊन जाते, घाटे अळी उठते, आंब्याचा मोहोर गळतो आणि कणसात भरलेले दाणे काळे पडतात. दीड-दोन महिन्यांच्या फरकाने वरदानाचे संकट होते. म्हणूनच हा पाऊस कुठून येतो, हे नीट समजून घ्यायला हवे.

या शोधाचा उगम दुष्काळात आहे. 1876 ते 78 या काळात दख्खनमध्ये लाखो माणसे अन्नावाचून गेली. नुकत्याच, 1875 मध्ये, हवामान खाते सुरू झाले होते. पुढचा पाऊस कसा असेल ते आधी सांगा, हा तगादा त्याच्यामागे लागला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा मान्सूनशी संबंध लावला. 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी जगभरच्या वेधशाळांतल्या हवेच्या दाबाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायला घेतल्या. पूर्व पॅसिफिकवर दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही होते. या हेलकाव्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. उत्तर अटलांटिकवरचा असाच हेलकावाही त्यांनीच मांडला. याचे मूळ समुद्राच्या तापण्यात आहे, हे मात्र 1969 मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी दाखवले. पेरू देशाजवळचे पॅसिफिकचे पाणी तापते तो एल निनो आणि वॉकरांचा हेलकावा ही एकाच घडामोडीची दोन अंगे निघाली. 1877 आणि 1972 ही दोन्ही एल निनोची वर्षे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे आजही गावोगाव भेटतात.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ, एवढ्यावर थांबले तर हिवाळा हातून सुटतो. ऑक्टोबरनंतर त्याची चाल बदलते. तामिळनाडूकडचा ईशान्य मोसमी पाऊस एल निनोच्या वर्षी बहुधा वाढतो. वरच्या हवेतला पश्चिमेचा वेगवान झोत दक्षिणेकडे सरकतो आणि भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे उत्तरेला हिवाळी पाऊस देणारे कमी दाबाचे पट्टे, त्याच्याबरोबर खाली उतरू शकतात. मराठवाडा या दोन्हींच्या मधोमध पडतो. उत्तरेकडून कोरडी थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प, अशी गाठ पडली की अवकाळी पाऊस होतो. वर हवा फार थंड असेल तर गारा पडतात. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस, एल निनो जोरात असताना, राज्यात असाच पाऊस आणि गारपीट झाली.

शिवाय घराजवळचा समुद्रही आहेच. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापतो आणि सुमात्राकडचा थंड होतो, ही ‘डायपोल’ची स्थिती 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडली. त्यात आपले भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि विनयचंद्रनही होते. 1997 च्या मोठ्या एल निनोतही मान्सून का तगला, याचे एक उत्तर तिथे मिळते. 2019 मध्ये हाच डायपोल कमालीचा बळावला. ऑक्टोबर सरत आला तरी पाऊस थांबेना. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी भिजल्या, शेंगांतच कोंब फुटले. मात्र रब्बीला ओल चांगली मिळाली.

तरीही हा धागा सुताइतका सरळ नाही. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये गारपिटीने मराठवाडा झोडपून निघाला, तेव्हा पॅसिफिक शांत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये जालना-बीडकडे गारा पडल्या, तेव्हा एल निनोचे उलटे रूप, ला निना, चालू होते. आपला हिवाळी पाऊस दोन-चार दिवसांचाच. एक ढग इकडे-तिकडे झाला की हंगामाची सरासरी बदलते. दूरचा समुद्र शक्यतेचे पारडे थोडे झुकवतो, तारीख ठरवत नाही.

मला खुपते ते वेगळेच. हिवाळ्याचा हंगामी अंदाज उत्तरेच्या गव्हासाठी दिला जातो, ईशान्य मोसमी पावसाचा दक्षिणेच्या राज्यांसाठी. मधल्या कोरडवाहू दख्खनच्या ज्वारी-हरभऱ्यासाठी वेगळा प्रश्न फारसा विचारलाच गेला नाही. तोवर हाताशी आहे ते वापरावे. पेरणीआधी एल निनो आणि डायपोलची स्थिती पाहावी, ती हवामान खाते दरमहा जाहीर करते. आणि दाणा भरू लागला की परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामान सल्ला चुकवू नये. काढणी दोन दिवस अलीकडे घ्यायची की थांबायचे, हे तिथूनच ठरते.