हायडन की मोत्सार्ट?

मधूनच एखादी सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, कानावर पडते आणि ती हायडनची की मोत्सार्टची, हे चटकन सांगता येत नाही. दोघंही अठराव्या शतकातले पाश्चात्त्य संगीतकार. काळ तोच, शहर व्हिएन्ना तेच, वाद्यंही जवळपास तीच. शिवाय दोघं एकमेकांचे चाहते. मोत्सार्टने १७८५ साली सहा क्वार्टेट्स (चार तंतुवाद्यांच्या रचना) हायडनला अर्पण केली. त्याच वर्षी हायडनने मोत्सार्टच्या वडिलांना सांगितलं, की माझ्या माहितीतला सर्वांत थोर संगीतकार तुमचा मुलगाच.

माझी ओळखायची खूण अशी. हायडन एवढासा तुकडा घेतो आणि त्याचीच बढत करत बसतो. ख्याल ऐकणाऱ्याला यातली गोडी लगेच कळेल. मोत्सार्टकडे मात्र चालींची रेलचेल. तो ऑपेराचा, म्हणजे गायल्या जाणाऱ्या नाटकांचा माणूस. त्याची वाद्यंसुद्धा गातात.

त्याच्या एकविसाव्या पियानो कॉन्चेर्टोचा (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनेचा) मधला, संथ भाग ऐका. व्हायोलिनचा आवाज मुद्दाम दबलेला, खालच्या तारा नुसत्या बोटांनी छेडलेल्या आणि वर तरंगणारी लांबच लांब चाल. पियानो बराच वेळ गप्प असतो, मग तीच चाल हाती घेतो. सगळं प्रसन्न चाललेलं असताना एखादा सूर असा झाकोळतो, की पोटात कालवतं. हसता हसता डोळे भरून येणं हे मोत्सार्टचं.

हायडनचं बलस्थान वेगळं: तो ऐकणाऱ्याशी खेळतो. चौऱ्याण्णवाव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात बालगीतासारखी साधी चाल येते. ती पुन्हा येते, आणखी हळू. कान टवकारून ऐकावं, तोच सगळा वाद्यवृंद एकदम धाडकन वाजतो! एस्टरहाझी या हंगेरीतल्या धनाढ्य सरदार घराण्याच्या पदरी त्याने जवळजवळ तीस वर्षं काढली. वाद्यवृंद हाताशी, प्रयोगाला मुभा. मोत्सार्टचं नाव सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे हायडन मागे पडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हायडनच्या शांततेकडेही कान द्या. ओपस ३३ या संचातल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या शेवटी चालीचे तुकडे होतात, मधे थांबे येतात. मग भला मोठा थांबा. संपलं वाटून हात टाळीसाठी उचलले जातात, आणि सुरुवातीचाच तुकडा अगदी हलक्या आवाजात पुन्हा एकदा वाजतो.