सहा किलोचे आजोबा, सहा किलोचं बाळ

डॉक्टरांच्या वजनकाट्यावर दोघेही ६ किलोच भरले. चिकू ११ वर्षांचा, पांढरा इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात, तो. आणि शेरा, ९ आठवड्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू. माझी बहीण खूश होऊन म्हणाली, "बघ, जोडी कशी बरोबरीची जमली!" ती बरोबरी जेमतेम आठवडाभर टिकली. चौथ्या महिन्यात शेरा १५ किलोंच्या आसपास होता, आठव्या महिन्यात २५ च्या पुढे. चिकू अजूनही ६ किलोंचाच आहे.

घरात म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यासोबत मोठ्या जातीचं पिल्लू आणताना लोक विचारतात, "त्याला हेवा वाटेल का?" मला वाटतं, आधी विचारायचा प्रश्न वजनाचा आणि वेळेचा आहे. पिल्लू लहान आहे तेवढ्या थोड्या आठवड्यांत त्याला म्हाताऱ्याची भाषा कळली पाहिजे. नंतर तेच बाळबुद्धीचं पिल्लू चौपट वजन घेऊन अंगावर झेपावतं.

एकाच प्राण्याच्या दोन जातींत एवढा फरक कसा, याचा मोठा धागा २००७ मध्ये सापडला. अमेरिकेतल्या एलेन ऑस्ट्रँडर आणि नेथन सटर यांच्या गटाने दाखवलं की कुत्र्याच्या आकारात आयजीएफ-१ या एका जनुकाचा वाटा फार मोठा आहे. वाढीला चालना देणारं एक प्रथिन हे जनुक तयार करतं. पुढे २०२२ मध्ये कळलं की लहान आकाराशी जोडलेलं त्याचं रूप माणसाने कुत्रा पाळण्याच्याही आधीचं आहे. सायबेरियात सापडलेल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही ते होतं. चिकूसारखे छोटे कुत्रे वर्षाच्या आत पूर्ण वाढतात. मोठ्या जातींची हाडं दीड-दोन वर्षं वाढत राहतात, आणि स्वभावातला पोरकटपणाही तितकाच रेंगाळतो.

म्हणून पहिले आठवडे मोलाचे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यातून पुढे आलेला काळ म्हणजे साधारण ३ ते १२ आठवडे. या वयात पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटू लागतं. पिल्लू आठव्या आठवड्यात घरी आलं तर त्यातले चारच हाताशी उरतात.

पण पहिली भेट घालायची कुठे? सगळे सांगतात, दोघांच्याही मालकीची नसलेली जागा निवडा. आपल्याकडे इथेच पंचाईत होते. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू रस्त्यावर उतरवता येत नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसींचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि तोवर तो मोलाचा काळ निघून जातो. आम्ही सोसायटीची गच्ची निवडली, जिथे दुसरे कुत्रे येत नाहीत. त्याआधी दोन दिवस एकमेकांच्या अंथरुणाच्या चादरी बदलून ठेवल्या, म्हणजे वासाची ओळख आधीच झाली. गच्चीवर दोघांचे पट्टे सैल ठेवले, कारण ताणलेल्या पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला मागे हटायला वाव राहत नाही. समोरासमोर उभं न करता दोघांना एकाच दिशेने चालवलं. चिकूने शेराला मागून हुंगलं आणि तोंड फिरवून कुंडीकडे निघून गेला. तेवढ्यावर आम्ही भेट संपवली.

कुत्रा आधी फार हळू बोलतो. तोंड फिरवतो, जीभ नाकावर फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, जागच्या जागी थिजतो. हे कुणी ऐकलं नाही की गुरगुरतो, मग हवेत चावा मारतो. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मोजून दाखवलं होतं की मालक दिसला की शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. पण स्पिट्झची शेपटी पाठीवर गुंडाळलेली, तिच्यावरून काय वाचणार? चिकूचे कान आणि ओठांचे कोपरे बघायला मी शिकले.

गुरगुरण्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे: त्यासाठी म्हाताऱ्याला ओरडू नका. गुरगुरणं ही चाव्याआधीची सूचना आहे. ती दाबली तर कुत्रा सूचना द्यायचं सोडतो, मनातली भीती तशीच राहते. उलट गुरगुर ऐकू आली की पिल्लाला हाक मारून बाजूला घ्यायचं. म्हाताऱ्याला कळतं, आपलं ऐकलं जातं. पिल्लालाही कळतं की हा आवाज आला की खेळ थांबतो. आणि म्हातारा अचानक चिडका झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते; वयात सांधे दुखतात, मोतीबिंदू होतो, ऐकू कमी येतं. मागून आलेलं पिल्लू दिसलंच नाही, तर दचकून चावा बसणारच.

खेळ चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं? पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर करणं, हे खेळाचं आमंत्रण. कोलोरॅडो विद्यापीठाच्या मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ही खूण खेळाच्या मधेही येते, विशेषतः डोकं झटकत चावण्याच्या अगदी आधी किंवा नंतर. जणू सांगायचं असतं, "हे खोटं खोटं बरं का." घरच्या घरी एक परीक्षा करता येते. पिल्लाला धरून दोन पावलं मागे घ्या आणि म्हातारा काय करतो ते बघा. तो पुढे आला तर खेळ दोघांचा. सोफ्याखाली गेला तर खेळ एकट्या पिल्लाचाच होता.

खाणं वेगळ्या खोल्यांत. पिल्लाच्या खाण्यात चरबी जास्त असते आणि म्हाताऱ्या छोट्या कुत्र्याला ती बाधते. पिल्लू "तगडं व्हावं" म्हणून कॅल्शियमचं सिरप पाजण्याची आपल्याकडे फार सवय आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला हेझविंकल यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर दाखवून दिलं की जादा कॅल्शियमने हाडांची वाढच बिघडते. कोवळ्या पिल्लाच्या आतड्यांना नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते सिरप देऊ नका.

पुढचा अवघड टप्पा आठव्या महिन्याचा. ब्रिटनमध्ये लुसी अ‍ॅशर यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बरेचसे लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या मिश्र जातीचेच कुत्रे होते. पाचव्या महिन्याच्या मानाने आठव्या महिन्यात त्यांनी "बस" ही आज्ञा घरच्या माणसाची कमी ऐकली. परक्याची मात्र ऐकली. शेराचं तंतोतंत तसंच झालं. खोडी काढायचा हेतू नसतानाही त्याच्या एका पंजाने चिकू फरशीवरून घसरत गेला. त्या दिवशी हॉलभर रबरी मॅट घातल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी असतं तसं फाटक बसवलं. त्याच्या खालच्या फटीतून चिकू आरपार जातो, शेरा जाऊ शकत नाही. आता शेरा अंगावर येताना दिसला की चिकू स्वतःच उठून फाटकापलीकडे जाऊन बसतो. आम्ही बाहेर जाताना दोघांना अजूनही वेगळ्या खोल्यांत ठेवतो.