टॉक्सोप्लाझ्मा: मांजरातून पसरणारा परजीवी

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी आहे, मलेरियाच्या परजीवीचा लांबचा भाऊबंद, आणि त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला टॉक्सोप्लाझ्मोसिस म्हणतात. आजार म्हणतोय खरा, पण ज्यांना लागण होते त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांच्या अंगात हा असावा असा अंदाज आहे, म्हणजे तिघांतला एक. घरात मांजर आहे आणि कुणाला दिवस गेलेत असं कळलं की कोणीतरी हमखास म्हणतं, आधी ते मांजर सोडून या कुठंतरी. त्या सल्ल्यामागे हाच प्राणी आहे. सल्ला अर्धा बरोबर आणि अर्धा चूक, आणि चुकीचा अर्धा भाग समजायचा तर हा परजीवी मांजरात नेमका काय करतो ते आधी बघायला लागतं.

शोधाची गोष्ट मजेशीर आहे. १९०८ साली ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल आणि लुई मॉन्सो या दोघांना हा जीव गुंडी नावाच्या उंदरासारख्या एका प्राण्यात सापडला, आणि त्याच वर्षी तिकडे ब्राझीलमध्ये आल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात दिसला. आकार कमानीसारखा वाकडा म्हणून ग्रीक भाषेतल्या धनुष्याच्या शब्दावरून टॉक्सो, आणि गुंडीवरून गुंडी यायला पाहिजे होतं पण प्राण्याचं नाव लिहितानाच गोंधळ झाला आणि गोंडी झालं ते कायमचं. पुढे १९२३ मध्ये प्राग शहरातले डोळ्यांचे डॉक्टर योसेफ यांकू यांना एका बाळाच्या डोळ्याच्या पडद्यात याच्या गाठोळ्या दिसल्या, १९३९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आईकडून बाळाला लागण होते हे पक्कं झालं, १९४८ मध्ये रक्ताची टेस्ट आली (ती काढणाऱ्या दोघांपैकी एक आल्बर्ट सेबिन, म्हणजे तोंडावाटे द्यायची पोलिओची लस वालेच). एवढं सगळं झालं तरी मांजराचं नाव अजून कुठं आलंच नव्हतं!

पहिला संशय मटणावर गेला आणि तो रास्त होता. पॅरिसजवळ टीबी झालेल्या मुलांच्या एका सॅनेटोरियममध्ये ताकद यावी म्हणून मुलांना जेमतेम शिजवलेलं मांस खायला द्यायचे, तिथे मांसाचं प्रमाण वाढवलं तसं नव्या लागणीचं प्रमाण सरळ वर चढत गेलं, हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण मग शाकाहारी माणसांना आणि गवत खाणाऱ्या मेंढ्यांना हा होतो कसा? त्याच वर्षी ग्लासगोच्या विल्यम हचिसन यांनी दाखवलं की लागण झालेल्या मांजराच्या विष्ठेतून तो पसरतो. त्यांना आधी वाटलं की हा मांजराच्या पोटातल्या जंताच्या अंड्यात बसून प्रवास करत असणार. मग जंत नसलेल्या मांजरांच्या विष्ठेतूनही लागण व्हायला लागली तेव्हा ती कल्पना सोडावी लागली, आणि १९७० च्या आसपास चित्र पूर्ण झालं की अंडीसदृश कवचातले कण हा परजीवी स्वतःच मांजराच्या आतड्यात तयार करतो. सापडल्यापासून तिथपर्यंत यायला साठ वर्षं गेली.

तर मांजराचं काम काय? हा परजीवी जवळपास कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो, उंदीर, मेंढी, डुक्कर, कोंबडी, माणूस, देवमासासुद्धा, पण त्याचं लैंगिक प्रजनन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं, मग ते घरातलं मांजर असो की रानातला बिबट्या. फक्त मांजरच का, याचं उत्तर २०१९ मध्ये मिळालं. मांजरकुळाच्या आतड्यात एक विशिष्ट एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे लिनोलेइक आम्ल (चरबीतलं एक आम्ल) तिथे साचून राहतं आणि परजीवीला तेच हवं असतं. शास्त्रज्ञांनी उंदरांमधलं ते एन्झाइम औषधानं बंद केलं, वर जादा लिनोलेइक आम्ल खायला घातलं, आणि उंदराच्या आतड्यातही तेच सगळं घडायला लागलं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग हाच.

मांजरानं लागण झालेला उंदीर खाल्ला की काही दिवसांत त्याच्या विष्ठेतून ऊसिस्ट नावाचे कण पडायला लागतात, एकेक साधारण १० ते १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही, आणि संख्या लाखोंच्या घरात. पण हे फक्त एक ते तीन आठवडे चालतं. मग मांजराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि पुरवठा बंद, बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच होतं, तेही सहसा पिल्लू शिकार करायला लागतं त्या वयात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: ताज्या विष्ठेतले ऊसिस्ट लागण करू शकत नाहीत, त्यांना हवेत आणि ओलाव्यात एक ते पाच दिवस पिकावं लागतं. म्हणून मांजर शी करतं तो वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ केला तर धोका बराचसा तिथेच संपतो, आणि चार दिवस तसाच राहिला तर मात्र वाढतो. मांजराला कुरवाळणं, मांडीवर घेणं, त्यानं गाल चाटणं यातून लागण होण्याची शक्यता फारच कमी, कारण मांजर स्वतःला सतत चाटून साफ ठेवतं आणि केसांवर कण पिकायला वेळच मिळत नाही. आणि जे मांजर घराबाहेर जात नाही, कच्चं मांस खात नाही, शिकार करत नाही त्याला हा होणार तरी कुठून.

एकदा पिकले की मात्र हे ऊसिस्ट चिवट. ओल्या मातीत वर्षभर आणि त्याहून जास्त टिकतात, पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाहीत, उष्णता आणि कोरडेपणा यांच्यापुढेच हार मानतात. म्हणून माणसाला लागण होते ती जास्त करून तीन वाटांनी: अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेल्या भाजीवरची किंवा बागकाम करताना नखात गेलेली माती, आणि पाणी. क्वचित अवयव प्रत्यारोपणातूनही. १९७७ मध्ये अटलांटाच्या एका घोड्यांच्या तबेल्यात ३७ जण आजारी पडले, तिथे मांजरं होती आणि धूळ उडत होती. १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात पिण्याच्या पाण्यातून साथ आली. २००४-०५ मध्ये कोइमतूरला डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसचे २४८ रुग्ण नोंदले गेले आणि तिथेही बोट पाण्याकडेच गेलं. या लोकांपैकी बऱ्याच जणांकडे मांजर नसणार, म्हणजे मांजर सोडून दिलं म्हणून सुटका झाली असं नाही.

शरीरात गेल्यावर तो काय करतो ते जरा जवळून बघू. पोटात कवच फुटतं, आतून निघालेले परजीवी आतड्याच्या पेशींत शिरतात आणि टॅकीझोइट नावाच्या घाईच्या रूपात जातात, चंद्रकोरीसारखा आकार, लांबी जेमतेम ६ मायक्रॉन. हा पेशीवर घसरत येतो, टोकदार बाजू टेकवतो आणि काही सेकंदांत आत. आत शिरताना पेशीचाच पडदा स्वतःभोवती गुंडाळून घेतो, त्यामुळे पेशीला आपल्या घरात चोर बसलाय हे लवकर कळत नाही. मग एका आईच्या पोटातच दोन पिल्लं तयार होतात आणि आई त्यातच संपते, दोनाचे चार, चाराचे आठ, शेवटी पेशी फुटते आणि सगळे शेजारच्या पेशींत. दोनतीन आठवड्यांत प्रतिकारशक्ती याला आवर घालते, पण पूर्ण हाकलू शकत नाही. उरलेले ब्रॅडीझोइट या सुस्त रूपात जाऊन स्नायूंत आणि मेंदूत गाठोळ्या करून बसतात. त्या गाठोळ्यांवर कुठलंच औषध अजून चालत नाही, आणि कच्च्या मांसातून जे आपल्या पोटात येतं ते हेच. मांस आतून ६७ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की मरतात, उणे १२ अंशांखाली दोनतीन दिवस नीट गोठवलं तरीही मरतात.

धडधाकट माणसाला बहुधा काहीच होत नाही. थोड्यांना मानेत गाठी, अंगदुखी, कणकण, थकवा, फ्लूसारखं वाटतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. डोळ्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नये, पडद्याला सूज येते, नजरेसमोर तरंगणारे ठिपके, धूसरपणा, आणि व्रण बरा झाल्यावरही त्याच्याच कडेला वर्षांनी पुन्हा उठू शकतो.

प्रतिकारशक्ती खचलेल्यांची गोष्ट वेगळीच. १९८० च्या दशकात एड्स आला तेव्हा झोपलेल्या गाठोळ्या मेंदूत जाग्या व्हायला लागल्या, डोकेदुखी, फिट्स, एका बाजूचं लुळेपण, आणि तोवर दुर्मीळ वाटणारा मेंदूचा टॉक्सोप्लाझ्मोसिस नेहमीचा झाला. सीडी-४ पेशी (रक्तातल्या, प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) घन मिलिमीटरला १०० च्या खाली गेल्या की हा धोका मोठा, म्हणून अशा रुग्णांना आधीच, आजार होऊ नये म्हणून, को-ट्रायमोक्सॅझोल हे औषध सुरू करतात. नेहमीचा उपचार म्हणजे पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन, सोबत फोलिनिक आम्ल, कारण पायरिमेथामिन हाडातल्या रक्तनिर्मितीला त्रास देतं. हे पायरिमेथामिन कित्येक दशकं जुनं औषध, पण २०१५ मध्ये अमेरिकेत त्याच्या एका गोळीची किंमत १३.५० डॉलरवरून थेट ७५० डॉलर केली गेली आणि जगभर बोंब झाली.

आता गरोदरपण. धोका असतो तो बाईला गरोदर असताना पहिल्यांदाच लागण झाली तर. आधी कधी होऊन गेली असेल आणि प्रतिकारशक्ती ठीक असेल तर बाळ जवळपास सुरक्षितच. यातला उलटा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे: पहिल्या तीन महिन्यांत परजीवी बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी पण पोचला तर नुकसान जबर, गर्भपात, डोक्यात पाणी साचणं, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याची सूज, आणि शेवटच्या महिन्यांत पोचण्याची शक्यता खूप पण बाळ जन्मताना सहसा ठणठणीत दिसतं, डोळ्याचा त्रास पुढे काही वर्षांनी निघू शकतो. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात १९७० च्या दशकापासून गरोदर बायकांची याची तपासणी सक्तीनं होत आली आहे.

टॉर्च टेस्ट म्हणजे गरोदरपणात बाळाला धोका करणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी, त्यात टॉक्सोप्लाझ्माही येतो, आणि तिचा रिपोर्ट हातात आला की गोंधळ सुरू होतो. आयजीएम आणि आयजीजी ही रक्तातली प्रतिपिंडं, आयजीएम लागण झाल्यावर आधी येतं, आयजीजी मागून येतं आणि टिकून राहतं. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे लागण जुनी, घाबरायचं कारण नाही, उलट बरंच. दोन्ही निगेटिव्ह म्हणजे कधी झालीच नाही, तेव्हा जपायला पाहिजे. आयजीएम पॉझिटिव्ह आलं की लोकांचं धाबं दणाणतं, पण ते महिनोन्महिने, कधी वर्षाहून जास्त पॉझिटिव्ह राहू शकतं आणि खोटं पॉझिटिव्हही येतं, म्हणून अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे आयजीजी परजीवीला किती घट्ट चिकटतं, ती टेस्ट करून लागण किती जुनी ते बघतात. अ‍ॅव्हिडिटी जास्त असेल तर लागण निदान तीनचार महिन्यांपूर्वीची. खरंच नवी निघाली तर सुरुवातीच्या महिन्यांत स्पायरामायसिन हे अँटिबायोटिक देतात. ट्रे साफ करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावं, तसं कुणी नसेल तर हातमोजे घालून रोज करावं, मातीत हात घालताना हातमोजे, भाजी-फळं धुऊन, मांस पूर्ण शिजवून. मांजर राहू दे घरात.

राहिला तो सगळ्यात गाजलेला भाग, मेंदूवर ताबा. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की लागण झालेल्या उंदरांची मांजराच्या मुताच्या वासाची भीती जाते, काही तर तिकडे ओढले जातात, आणि परजीवीच्या दृष्टीनं हे सोयीचंच, उंदीर खाल्ला गेला की तो घरी पोचला. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की भीती एकट्या मांजराची नाही तर एकूणच कमी होते. केनियात तरसांच्या लागण झालेल्या पिल्लांचंही तसंच, ती सिंहांच्या जास्त जवळ जातात. मग माणसाचं काय? प्रागचे यारोस्लाव्ह फ्लेगर यांनी लागण झालेल्यांचे अपघात जास्त होतात असं मांडलं, स्किझोफ्रेनियाशीही आकडेवारीत संबंध दिसतो, पण लागणीमुळे आजार की आजारामुळे लागण की दोन्हींच्या मागे तिसरंच काही, हे अशा आकड्यांतून ठरत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मापासून पाठपुरावा केलेल्या ८३७ जणांपैकी २८ टक्क्यांना लागण होती, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वभाव, मानसिक आजार, अपघात कशाशीच तिचा ठळक संबंध निघाला नाही. शिवाय माणसाला आता मांजरकुळातलं कोणी सहसा खात नाही, म्हणजे परजीवीसाठी आपण बंद गल्लीच.

२०१४ चं सार्वजनिक आरोग्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मांजर पाळणं माणसाच्या डोक्याला घातक आहे का हे तपासणाऱ्यांना मिळालं आणि त्यात फ्लेगरही होते. तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये हजारो मुलांचा पाठपुरावा करून बघितलं, आई गरोदर असताना किंवा मूल लहान असताना घरात मांजर होतं का आणि पुढे १३ व्या आणि १८ व्या वर्षी भास-भ्रमाची लक्षणं दिसली का. घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर मांजराचा काही संबंध सापडला नाही.