दिवाळीच्या टोपलीत कॉफी ठेवताना

काजूकतलीच्या डब्यांना कंटाळलेली मंडळी हल्ली दिवाळीची भेट स्वतःच भरतात. घरची चकली, थोडा चिवडा, चार पणत्या, उटणं आणि एखादं कॉफीचं पाकीट. चकली आपण चाखून बघतो. कॉफी मात्र पाकिटाच्या देखणेपणावर उचलतो. ते पाकीट आधी उलटं करावं आणि दाणे कधी भाजले ती तारीख शोधावी. ‘अमुक महिन्यांच्या आत वापरा’ हे सगळ्यांवरच छापलेलं असतं. तोवर कॉफी बाधणार नाही एवढंच त्यातून कळतं, चवीचं काही कळत नाही.

कच्चा दाणा हिरवट असतो आणि त्याला आपल्या ओळखीचा कॉफीचा वास नसतो. भट्टीत तो २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की त्यातल्या शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यात अभिक्रिया होतात, दाणा तपकिरी होतो आणि शेकडो सुगंधी संयुगं तयार होतात. सोबत कार्बन डायऑक्साइडही तयार होऊन दाण्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकतो. पुढचे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडतो आणि तोवर ऑक्सिजनला थोडाफार दूर ठेवतो. पाकिटावर बटणासारखी गोल झडप असते ती याच वायूसाठी. आतलं बाहेर जातं, बाहेरची हवा आत येत नाही. दुकानात आपण पाकीट दाबून त्या भोकातून वास घेतो, तो तिचा फुकटचा फायदा.

टोपली सजवताना हे सगळं विसरायला लावणारी वस्तू म्हणजे रिबीन बांधलेली काचेची बरणी. ताजे दाणे त्यात घट्ट कोंडले तर आत दाब वाढतो. शिवाय बरणी भरताना हवा शिरते आणि काचेतून उजेड पोचतो, म्हणजे सुगंधाचे दोन्ही शत्रू आपणच घरात घेतो. बरणी फारच आवडली असेल तर ती रिकामी द्या आणि पाकीट न फोडता शेजारी ठेवा.

दाणे द्यायचे की पूड? अख्खे शेंगदाणे डब्यात टिकतात आणि कूट लवकर खवट होतं, तोच हिशेब इथे आहे. अरेबिका या कॉफीच्या जातीच्या दाण्यात वजनाच्या सुमारे १५ टक्के तेल असतं. दळल्यावर हवेशी संपर्क कितीतरी पटींनी वाढतो आणि अडकलेला वायू बराचसा काही मिनिटांतच निघून जातो, सुगंधाचा मोठा वाटा घेऊन. पण ज्याच्याकडे कॉफी दळायचं यंत्र नाही त्याला दाणे देणं म्हणजे त्याला काम लावणं. अशांसाठी अगदी शेवटी, माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देतात तिथून, शंभर-दोनशे ग्रॅमच आणावी. दाणे देणार असाल तर धनत्रयोदशीच्या आठ-दहा दिवस आधी भाजलेले घ्या. तोवर जास्तीचा वायू निघून गेलेला असतो आणि पुढे साधारण महिनाभर चव टिकते.

‘ताजं पीक’ या शब्दांना मात्र दिवाळीत भुलू नये. कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते, रोबस्टा या दुसऱ्या जातीची त्यानंतर. म्हणजे दिवाळीत मिळणारा दाणा बहुधा गेल्या हिवाळ्यातला. त्यात वाईट काही नाही. १०-१२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेला कच्चा दाणा गोणीत कित्येक महिने चांगला राहतो.

एक कॉफी मात्र नेमकी याच सुमाराला तयार होते, आणि माझं मत विचाराल तर दिवाळीच्या टोपलीत तिचाच मान पहिला. मान्सून्ड मलबार. शिडाच्या जहाजांतून भारतातली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायला महिनोन्‌महिने लागत. दमट खाऱ्या हवेत दाणे फुगत, पिवळट पडत, आणि तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय झाली. पुढे आगबोटी आल्या, १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. मग मंगळूरच्या किनाऱ्यावर ती मुद्दाम घडवायला सुरुवात झाली. जूनपासून उघड्या बाजूंच्या गोदामांत दाणे पसरायचे, अधूनमधून उलटवायचे, पावसाळी वारं त्यातून खेळू द्यायचं. पावसाळा सरेपर्यंत दाणा फुगून फिकट सोनेरी होतो, आंबटपणा उतरतो आणि चव जड, मातकट होते. दुधात ती छान लागते.

दुधाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण आपल्याकडे कॉफी म्हणजे बहुतेक घरांत दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट पॉलिफेनॉल संयुगांना बांधून घेतात, त्यामुळे कडक भाजणीचा दाणाही सौम्य लागतो. हलक्या भाजणीची, फळांच्या आंबटगोड छटांची महागडी कॉफी याच दुधात हरवते. ती काळी कॉफी पिणाऱ्या भाच्याला द्या. मावशीला प्लँटेशन ए किंवा पीबी पुरे. ‘प्लँटेशन’ म्हणजे फळाचा गर धुऊन काढलेला अरेबिका, ‘ए’ ही त्यातली मोठ्या दाण्यांची प्रत. पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनऐवजी एकच बी वाढल्यामुळे गोल झालेला दाणा. रोबस्टाला उगीच नाक मुरडू नये. त्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, आणि नीट प्रक्रिया केलेला धुतलेला रोबस्टा दुधात भक्कम उभा राहतो.

चिकोरी हे भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा भरपूर असतो. फिल्टर कॉफीत ती आवडणारे खूप आहेत, तेव्हा तिला भेसळ म्हणता येत नाही. फक्त प्रमाण वाचा. आपल्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि चिकोरीचा टक्का पाकिटावर लिहावा लागतो. इन्स्टंटच्या बाटल्यांनाही हे लागू आहे.

महाराष्ट्राचीच कॉफी द्यायची हौस असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याची शोधा. पीक थोडं असतं, पण वऱ्हाडातल्या पाहुण्यांना त्याचं अप्रूप वाटेल.

शेवटी टोपलीतला शेजार. भाजलेला दाणा सच्छिद्र आणि कोरडा असतो, आजूबाजूचे वास चटकन ओढून घेतो. उटणं, अत्तर, उदबत्ती आणि सुगंधी मेणबत्त्या कॉफीबरोबर एकाच कागदात गुंडाळू नका. उटण्याची वेगळी पिशवी करा. कॉफीला चिकटून ठेवायचंच असेल तर अख्खं जायफळ ठेवा, ते नाहीतरी कपात जाणारच आहे.