३८१६५४७२९०

तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. शून्य ते नऊ हे दहाही अंक या संख्येत एकेकदाच येतात. डावीकडून पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, तीन अंकांच्या संख्येला ३ ने, चार अंकांच्या संख्येला ४ ने, असे करत पूर्ण संख्येला १० ने निःशेष भाग जातो. दहाही अंक एकेकदा वापरून असे जमवणारी दुसरी संख्या नाही.

गोव्यात फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरांत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांत, भागाकार म्हणजे वाटे घालणे. पाडेल्याने उतरवलेले नारळ ३८ असतील तर १९-१९ चे दोन वाटे. ३८१ असतील तर १२७ चे तीन. ३८१६ असतील तर ९५४ चे चार. मागे एकही नारळ उरत नाही. मराठी शाळेत ही संख्या शिकवावी ती फळ्यावरच: पूर्ण लिहायची, उजवीकडचे अंक तळहाताने झाकायचे आणि हात एकेका अंकाने सरकवत न्यायचा. दोन, तीन, चार, पाच, सहा यांच्या कसोट्या मुलांना तोंडपाठ असतात. सातची तेवढी सोपी कसोटी नाही. तिथे खडू हातात घेऊन भागाकार मांडावाच लागतो. ३८१६५४७ भागिले ७, उत्तर ५४५२२१, बाकी शून्य. ती शून्य बाकी मुलांनी स्वतः काढलेली बरी.

एक ते नऊ या अंकांच्या मांडण्या ३,६२,८८० होतात, पण एवढ्या तपासाव्या लागत नाहीत. दहावा अंक ० आणि पाचवा ५ हे उघडच. दुसरा, चौथा, सहावा, आठवा हे सम; म्हणजे विषम अंक विषम जागी. तिसरा अंक विषम असल्यामुळे चारची कसोटी चौथ्या जागी २ किंवा ६ च येऊ देते. आठची कसोटी आठव्या जागेवरही हेच बंधन घालते. मग ४ आणि ८ यांना दुसरी व सहावी जागा उरते. पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ ने विभाज्य, पहिल्या सहांचीही. म्हणून चौथा ते सहावा हे अंक २५८ किंवा ६५४ असेच असले पाहिजेत. एवढ्यावर फक्त १० मांडण्या शिल्लक राहतात आणि सातच्या कसोटीत त्यांतल्या नऊ गळतात. नऊची कसोटी आपोआप साधते, कारण एक ते नऊची बेरीज ४५ आहे.

अंक पुन्हा वापरायची आणि संख्या कितीही अंकी घ्यायची मुभा दिली तर अशा संख्या बऱ्याच मिळतात: सगळ्या लांबींच्या मिळून एकूण २०,४५६. दहाव्या अंकापर्यंत पुढचा अंक नेहमीच सापडतो, कारण लागोपाठच्या दहा संख्यांत १० पर्यंतच्या कोणत्याही संख्येची एक तरी पट असतेच. अकराव्या अंकापासून ही हमी संपते, वाटा बंद होत जातात. सर्वांत लांब संख्या २५ अंकी आहे आणि ती एकच आहे: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे शून्य ते नऊपैकी कोणताही अंक ठेवला तरी २६ ने भाग जात नाही.