‘चॉकलेट’ची पार्श्वभूमी: पाहून शिकण्याची परंपरा

फेब्रुवारी २००८ मध्ये थायलंडमध्ये प्रदर्शित झालेल्या, प्रच्या पिनकेव दिग्दर्शित ‘चॉकलेट’ या चित्रपटाची नायिका झेन ही स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगी आहे. घराशेजारच्या मुआय थाय या थाय युद्धकलेच्या शाळेतील सराव आणि दूरचित्रवाणीवरील मारधाडीचे चित्रपट पाहता पाहता ती लढायला शिकते, आणि कर्करोगाने आजारी असलेल्या आईच्या उपचारांसाठी आईच्या जुन्या वहीतील थकलेली येणी वसूल करायला निघते. केवळ पाहून कोणी असे तरबेज होईल का, अशी शंका प्रेक्षकाला येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मंडळींनी हा चित्रपट घडवला, त्यांची स्वतःची विद्या बरीचशी याच वाटेने आलेली होती.

चित्रपटातील मारामाऱ्यांची आखणी करणारे पन्ना रित्तिक्राय हे ईशान्य थायलंडमधील खोन केन प्रांतातले. ब्रूस ली आणि जॅकी चॅन यांचे चित्रपट पाहून त्यांना या कामाची ओढ लागली. त्यांनी गावाकडची मुले जमवून साहसदृश्यांचे पथक उभारले आणि १९८४ साली ‘बॉर्न टू फाइट’ हा अत्यंत कमी खर्चाचा चित्रपट काढला. राजधानीतील समीक्षकांपेक्षा ग्रामीण प्रेक्षकांनी त्यांचे चित्रपट अधिक आपलेसे केले. सुरिन प्रांतातील हत्ती पाळणाऱ्या घरातला एक मुलगा ते पाहून भारावला आणि किशोरवयातच पन्नांचा शिष्य झाला. तोच पुढचा टोनी जा.

२००३ मध्ये पिनकेव, पन्ना आणि टोनी जा यांनी ‘ओंग-बाक’ आणला. हाँगकाँग आणि हॉलिवूडमध्ये तारांच्या आणि संगणकाच्या साहाय्याने नट हवेत तरंगत असताना या तिघांनी तारा, संगणकीय करामती आणि बदली कलाकार हे सारे नाकारले. या खरेपणाची किंमत थाय चित्रसृष्टीला पूर्वीपासून ठाऊक होती: तेथील सर्वांत लोकप्रिय नायक मित चायबांचा १९७० मध्ये चित्रीकरणादरम्यान हेलिकॉप्टरच्या दोरशिडीवरून पडून मरण पावला होता.

याच पथकाकडे तायक्वांदो ही कोरियन युद्धकला शिकलेली यानिन विस्मितनंदा ही तरुणी निवड चाचणीसाठी आली. तिला समोर ठेवून ‘चॉकलेट’ रचला गेला आणि चित्रीकरणापूर्वी तिने या पथकासोबत काही वर्षे तालीम केली. बर्फाच्या कारखान्यातील प्रसंगात झेन ब्रूस लीच्या ढंगाने लढते. ‘द बिग बॉस’ हा १९७१ चा ब्रूस लीचा चित्रपट थायलंडमध्येच चित्रित झाला होता आणि त्यातही बर्फाचा कारखाना होता. त्यामुळे हा प्रसंग मला नुसत्या मानवंदनेपेक्षा अधिक वाटतो, कारण पन्नांच्या पिढीने जे पडद्यावरून उचलले, तेच झेन त्यांच्या साक्षीने पुन्हा उचलते आहे.

स्वमग्नतेचा धागा मात्र वेगळ्या परंपरेतून आला आहे. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले, परंतु जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात तिचे चित्र ठसवले ते १९८८ च्या ‘रेन मॅन’ या हॉलिवूड चित्रपटातील अचाट स्मरणशक्तीच्या स्वमग्न पात्राने. स्वमग्न माणसापाशी एखादे अचाट कौशल्य असतेच, ही समजूत तेव्हापासून पडद्यावर रुळली. प्रत्यक्षात असे कौशल्य थोड्याच स्वमग्न व्यक्तींमध्ये आढळते, आणि आपल्या मुलात ते शोधत राहणाऱ्या आईवडिलांच्या वाट्याला नाहक निराशा येते. झेनची विजेसारखी प्रतिक्षिप्त क्रिया आणि पाहिलेली हालचाल जशीच्या तशी करण्याची क्षमता हे त्याच समजुतीचे लढाऊ रूप आहे. तरीही माश्यांची तिला वाटणारी अनावर भीती, बोलताना होणारी अडचण आणि आईच्या सहवासातली तिची निश्चिंती या गोष्टी चित्रपट पुरेशा आस्थेने दाखवतो. मांसाच्या बाजारातील लढतीत तर माश्यांमुळे ती पार कोलमडते, आणि तेथे ती अद्भुत शक्तीची बाहुली न राहता एक घाबरलेली मुलगी म्हणून दिसते.

अखेरच्या श्रेयनामावलीबरोबर चित्रीकरणात झालेल्या खऱ्या दुखापतींची दृश्ये दाखवली आहेत. यानिनने पुढे २००९ मध्ये ‘रेजिंग फिनिक्स’मध्ये काम केले, आणि २०१४ मध्ये पन्ना रित्तिक्राय यांचे निधन झाले.